देवघेव वहीतील नाव

गेल्या हिवाळ्यात काही दिवस भाचीकडे जयपूरला राहण्याचा योग आला. तिचे घर विद्याधर नगरात आहे. एका दुपारी आम्ही दोघे चहा घेत बसलो असता तिच्या मोबाइलवर एक संदेश आला. तिने तो वाचला आणि कौतुकाने माझ्यापुढे धरला. आठवीत शिकणाऱ्या तिच्या मुलीने त्या दिवशी शाळेच्या ग्रंथालयातून एक पुस्तक घेतले होते. पुस्तकाचे नाव, त्याचा दाखल क्रमांक, परत करण्याची तारीख, सर्व काही त्या संदेशात होते. "मामा, बघा, किती सोय झाली आहे! मुलगी काय वाचते ते आता घरबसल्या कळतं." मी मान डोलावली. रात्री जेवताना भाचीने त्या पुस्तकावरून मुलीची थोडी थट्टा केली. त्यात वाईट असे काही नव्हते. पुस्तकही साधेच होते. पण मुलीने एकदा माझ्याकडे पाहिले आणि ताटात मान घातली. ती नजर मी पूर्वी पाहिली होती.

पस्तीसएक वर्षांपूर्वी मी एका मिशन शाळेत मराठी शिकवीत असे आणि त्याबरोबर ग्रंथालयाचा प्रभारही माझ्याकडे होता. 'ग्रंथालय' हा शब्द कागदोपत्री. प्रत्यक्षात ती शिक्षकांच्या खोलीला लागून असलेली काचेची चार कपाटे होती आणि त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या खिशात असे. पुस्तक हरवले तर त्याची किंमत प्रभारी शिक्षकाकडून वसूल होईल, ही धास्ती त्या काळी इतकी होती की पुष्कळ शाळांत पुस्तके मुलांच्या हाती पडण्याऐवजी डांबराच्या गोळ्यांच्या वासात सुखरूप राहत. बाके, घंटा, नकाशे यांच्याप्रमाणे पुस्तके हीही तपासणीच्या दिवशी मोजून दाखवायची वस्तू. वाचून वाचून फाटलेल्या पुस्तकाचे निर्लेखन मंजूर करून घेण्याचा व्याप पाहता ते न वाचले गेलेलेच बरे, असा सल्ला एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी मला पहिल्याच वर्षी दिला होता. मी मात्र दर शनिवारी कपाटे उघडीत असे, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

नववीतला एक मुलगा शनिवार कधी चुकवीत नसे. तो आमच्याच मंडळीच्या पाळकसाहेबांचा मुलगा. एका शनिवारी त्याने आगरकरांच्या निबंधांचे पुस्तक मागितले. मी देवघेव वहीत नोंद केली, त्याने सही केली. पुढच्या शनिवारी त्याने तेच पुस्तक पुन्हा आपल्या नावावर लिहून घेतले. देवाधर्माविषयी आगरकरांनी कोणकोणते प्रश्न उपस्थित केले आहेत, ते मला ठाऊक होते. रविवारी उपासना संपल्यावर, मंदिराच्या पायऱ्यांवर, मी ती गोष्ट पाळकसाहेबांच्या कानावर घातली. मुलगा हुशार आहे, वडिलांनी त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, एवढाच माझा हेतू. निदान मी स्वतःला तसे सांगितले. आज मागे वळून पाहता, आपण किती जागरूक शिक्षक आहोत हे पाळकसाहेबांना दाखवण्याची हौसही त्यात होती, हे मला कबूल केले पाहिजे.

सोमवारी पुस्तक परत आले. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले होते. मुलाने ते माझ्या टेबलावर ठेवले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि तो निघून गेला. घरी काय घडले ते मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. त्यानंतर दहावी संपेपर्यंत त्याच्या नावापुढे गाइडे आणि प्रश्नसंच यांखेरीज दुसरी नोंद झाली नाही. पुष्कळ वर्षांनी एका लग्नात तो भेटला. त्याने माझ्या प्रकृतीची चौकशी केली, मी त्याच्या नोकरीची.

माझे चुकले काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मूल हे वडीलधाऱ्यांच्या हाती सोपवलेली ठेव आहे, असे आपण मानतो. बाप्तिस्म्याच्या किंवा अर्पणाच्या वेळी आईवडील मंडळीसमोर वचन देतात, ते मुलाला प्रभूच्या शिक्षणात वाढवण्याचे. मग मूल काय वाचते हे जाणून घेण्याचा त्यांना अधिकार नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि शिक्षक जर पालकांच्या जागी उभा असेल, तर त्याने गप्प राहणे हा एक प्रकारचा विश्वासघातच नव्हे काय? माझ्या बाजूने हा युक्तिवाद मी अनेक रात्री केला आहे. तो खोटा आहे असे मला आजही वाटत नाही. तरीही त्याने माझे समाधान होत नाही, आणि त्याला एक कारण आहे.

ज्या वर्षी हे घडले, त्याच वर्षी शाळेच्या प्रार्थनासभेत मी पंडिता रमाबाईंची हकीकत मोठ्या भक्तिभावाने सांगितली होती. रमाबाई १८८० नंतर पतीसमवेत आसामातील सिल्चर येथे राहत होत्या. तेथे आपल्या घरातील पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी प्रत सापडली. ती तेथे कशी आली हे आपल्याला माहीत नाही, असे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले. त्यांचे पती मिशन शाळेत शिकलेले होते. पण पत्नीची ओढ त्या धर्माकडे लागावी, हे त्यांना मुळीच रुचले नव्हते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. टिळकांचेही असेच. रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.  'आपले यजमान काय वाचीत आहेत' असा संदेश त्या वेळी लक्ष्मीबाईंच्या हाती कुणी ठेवला असता तर काय झाले असते, याची कल्पना ज्यांनी 'स्मृतिचित्रे' वाचले आहे त्यांना सहज करता येईल.

सिल्चरच्या घरातील त्या पुस्तिकेबद्दल आपण देवाचे आभार मानतो. मग आमच्या कपाटातील आगरकर पाळकसाहेबांच्या मुलाला सापडले, तेव्हा मी पायऱ्या उतरून सांगायला का गेलो? दार तेच होते. फक्त त्यातून जाणाऱ्याची दिशा मला आवडली नव्हती. इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे आपल्याला वाटते तसे आपण त्यांच्याशी वागावे, हा डोंगरावरील प्रवचनातील नियम (मत्तय ७:१२) आपण दानधर्माला लावतो, शेजाऱ्याला लावतो. पुस्तकाच्या कपाटाला लावल्याचे मी फारसे ऐकलेले नाही. आज, जेव्हा आपल्या हातातील नवा करार पाहूनही काही भुवया उंचावतात, तेव्हा तरी हा नियम आपल्याच हिताचा म्हणून आठवावा.

येथे ख्रिस्ती मंडळीचा इतिहासही आपल्याला फार ताठ मानेने उभे राहू देत नाही. रोममध्ये १५५९ साली निघालेली निषिद्ध ग्रंथांची सूची १९६६ साली रद्द होईपर्यंत चारशे वर्षे चालली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी आपल्याकडे अशी सूची नव्हती म्हणून निश्चिंत राहू नये. आमच्याकडे छापील सूची नसेल, पण मंदिराच्या पायऱ्या होत्या. कुणी इफिस येथील प्रसंगाचा दाखला देतात (प्रे. कृत्ये १९:१९). तेथे जादूटोण्याचे ग्रंथ जाळले गेले खरे. पण ज्यांचे ग्रंथ होते त्यांनीच ते आपल्या हातांनी आणून जाळले, आणि त्यांची पन्नास हजार रुप्याच्या नाण्यांची किंमतही स्वतः सोसली. पौलाने घरोघर जाऊन झडती घेतल्याचा उल्लेख नाही.

मग शाळेच्या ग्रंथपालाने काहीच विवेक करू नये काय? करावा, अवश्य करावा. परंतु पुस्तक कपाटात येण्याच्या वेळी. कोणते पुस्तक घ्यावे, कोणते कोणत्या वयासाठी ठेवावे, अश्लील, द्वेष पसरवणारे, मुलांना इजा करणारे काय दूर ठेवावे, हे त्याने ठरवावे आणि तो निर्णय मुख्याध्यापक, पालक, सहकारी यांच्यासमोर उजळ माथ्याने सांगावा. ही निवड उघड असते, तिच्याशी भांडता येते. पण पुस्तक एकदा मुलाच्या हाती गेल्यावर, त्याने कोणते पान दोनदा वाचले याची वार्ता तिसऱ्याला देणे, ही निवड नव्हे. ती पाळत होय. दोहोंतील अंतर मी त्या रविवारी ओळखले नाही.

एक अपवाद मात्र मी करतो. मूल खरोखर संकटात आहे, स्वतःच्या जिवावर उठले आहे किंवा कुणी त्याचा गैरफायदा घेत आहे अशी सबळ शंका आली, तर मौन हे पाप ठरेल. पण तेथेही आधी मुलाशीच बोलावे आणि त्याला सांगून पुढे जावे. शंका आणि संकट एकच नव्हेत. चौदा वर्षांच्या मुलाने देवाविषयी प्रश्न विचारणे हे संकट आहे असे ज्याला वाटते, त्याने ईयोबाचे पुस्तक पवित्र शास्त्रात का ठेवले गेले याचा एकदा शांतपणे विचार करावा.

या तीन दशकांत ग्रंथपालाचे काम मात्र पुष्कळ पालटले आहे. डॉ. रंगनाथन मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गणित शिकले, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तक जपण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहे, हा त्यांचा पहिला आग्रह. युरोपातील मठांत एके काळी पुस्तके साखळीने बांधून ठेवीत, याची आठवण ते त्या संदर्भात करून देतात. आमच्या चार कपाटांची कुलुपे ही त्या साखळीचीच धाकटी बहीण. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय, वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींची पुस्तके असलीच पाहिजेत असे अनुसूचीत लिहिले. सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व कार्यशिक्षणाचे अर्धवेळ निदेशक त्याच अनुसूचीत आहेत. ग्रंथपाल मात्र नाही. समग्र शिक्षा योजनेतून २०१८ पासून शाळांना इयत्तांनुसार वर्षाला पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदान मिळण्याची सोय झाली. पुस्तके येतात. ती कुणाच्या हातून मुलापर्यंत जायची, हे पुष्कळ ठिकाणी अजूनही 'प्रभारा'वरच भागते. माध्यमिक शाळांत विद्यार्थिसंख्येच्या हिशोबाने पूर्णवेळ वा अर्धवेळ ग्रंथपाल असतो. त्याच्याकडे बदली तास, परीक्षेचे काम आणि पाठ्यपुस्तकांचे वाटपही असते.

आणि आता तर प्रश्नाचे उत्तर कपाटात शोधावे लागतच नाही. मोबाइलला विचारले की उत्तर येते, तेही सुबक वाक्यांत. अशा वेळी ग्रंथपाल हवा कशाला, असे विचारणारे संस्थाचालक मी पाहिले आहेत. मला नेमके उलटे वाटते. यंत्र विचारलेलेच देते आणि विचारणाऱ्याला विसरत नाही. कपाटाचे उलट असते. हवे ते पुस्तक शोधताना शेजारचे, न मागितलेले पुस्तक हाताला लागते, आणि कपाट कुणाचे नाव लक्षात ठेवीत नाही. रमाबाईंनी लूक मागितला नव्हता. माझ्या देवघेव वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या; त्या मुलाची दोन शनिवारांची सही आज कुठेही नाही, ही मी देवाची कृपाच समजतो. संगणकातील नोंदींना वाळवी लागत नाही.

या पालटलेल्या कामाचे चित्र मला प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात दिसते. कांदके राणीचा कूशी अधिकारी रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचीत चालला आहे. ग्रंथ त्याने स्वतः मिळवलेला, स्वतः निवडलेला. फिलिप्प धावत जातो, तो काय वाचीत आहे ते ऐकतो आणि एकच प्रश्न विचारतो: समजते आहे काय? अधिकारी बोलावतो तेव्हाच तो रथात चढतो आणि शेजारी बसतो. काम झाल्यावर तो दिसेनासा होतो. अधिकारी आनंदाने आपल्या वाटेने जातो. फिलिप्प यरुशलेमेत परत जाऊन या माणसाच्या वाचनाचा अहवाल देत नाही. शाळेतील शिक्षक-ग्रंथपालाच्या नेमणूकपत्रात काय लिहावे असे मला कुणी विचारले, तर मी हा अध्याय पुढे करीन. मी स्वतः त्या मुलाच्या रथापर्यंत गेलोच नव्हतो. 'समजतं का रे?' एवढेही त्याला विचारले नव्हते.

संदेशाच्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी भाचीने मला जुन्या शहरातील जंतरमंतर दाखवण्यास नेले. ती राहते त्या विद्याधर नगराचा आराखडा पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी १९८०च्या दशकात केला. वसाहतीला नाव मिळाले ते विद्याधर भट्टाचार्य यांचे. १७२७ साली सवाई जयसिंहाने जयपूर वसवले, तेव्हा शहराच्या आखणीत या बंगाली विद्वानाचा मोठा वाटा होता. त्याच जयसिंहाच्या पदरी सम्राट जगन्नाथ होते. ते महाराष्ट्रीय होते असे पुष्कळ अभ्यासक मानतात. त्यांनी युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ अरबीतून संस्कृतात आणले. राजाने मानुएल द फिगेरेदु या जेझुइट धर्मगुरूबरोबर पोर्तुगालला शिष्टमंडळ पाठवले, तेथून ला हीर यांची ज्योतिषकोष्टके आली. १७३४ साली चंदननगरहून दोन फ्रेंच जेझुइट जयपूरला आले. हिंदू राजा, मुसलमानी भाषेतील ग्रीक ग्रंथ, ख्रिस्ती धर्मगुरूंनी आणलेले कोष्टक. जयसिंहाने त्यांतील कशालाही कुलूप लावले नाही, आणि कशावर डोळे मिटून विश्वासही ठेवला नाही. कोष्टके आपल्या वेधांशी ताडून पाहिली, तेव्हा चंद्राच्या स्थानात फरक आढळला, आणि तो त्यांनी नोंदवून ठेवला. सर्व गोष्टींची पारख करण्यास सांगणारे पौलाचे वचन (१ थेस्सल. ५:२१) मला त्या दगडी यंत्रांच्या सावलीत आठवले. अर्थात ही मोकळीक राजाची होती. सामान्य माणसासाठी जयपुरात सार्वजनिक ग्रंथालय उघडले ते १८६६ साली, सवाई रामसिंहांच्या कारकिर्दीत.

आदल्या रात्रीपासून माझ्या मनात एक गोष्ट घोळत होती. परतताना मी भाचीला म्हटले, "तो संदेश बंद करता येणार नाही का?" ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, मोबाइलवर ती काय बघते ते मला कळत नाही. निदान पुस्तक तरी कळू दे." या उत्तरात एका आईची भीती होती आणि ती भीती खोटी नव्हती. मला तिचे म्हणणे खोडता आले नाही. इतकेच म्हणालो की, कळावे असे वाटत असेल तर मुलीलाच विचार. ती सांगेल ते पुस्तक आणि संदेशात येईल ते पुस्तक एकच असले, तरी त्या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

शुक्रवारी मुलीला आणायला मी शाळेत गेलो. ग्रंथपालबाईंची भेट झाली. खोली प्रशस्त, एका बाजूला सहा संगणक, दुसऱ्या बाजूला उघडी कपाटे. त्या आठवड्यातून एक तास प्रत्येक वर्गाला घेतात. मोबाइलवर फिरणारी एखादी बातमी फळ्यावर लिहितात आणि ती खरी की खोटी हे तीन वेगवेगळ्या ठिकाणी शोधून आणायला सांगतात. मुले चुकतात, भांडतात. कधी बाईही चुकतात, आणि ते मुलांना फार आवडते. मी संदेशाचा विषय काढला. ती व्यवस्था कार्यालयाची आहे, असे त्या म्हणाल्या. संदेशात पुस्तकाचे नाव नसावे, फक्त परतीची तारीख असावी, अशी विनंती त्यांनी केली होती. निर्णय व्हायचा होता. "तोपर्यंत," त्या म्हणाल्या, "शाळा सुटल्यावर अर्धा तास मी खोली उघडी ठेवते. इथे बसून वाचलेल्या पुस्तकाची नोंद होत नाही."

मी आणखी आठ दिवस विद्याधर नगरात होतो. त्या आठ दिवसांत भाचीच्या मोबाइलवर शाळेचा दुसरा संदेश आला नाही. मुलगी मात्र रोज वीस-पंचवीस मिनिटे उशिरा घरी येत होती. का, ते मी विचारले नाही.